आवक-जावकचे टेबल आणि वेबसाइटचे दार

बारावीचा निकाल लागतो त्या दुपारी, किंवा पीकविम्याचा अर्ज भरण्याच्या शेवटच्या दिवशी, संगणकाच्या पडद्यावर कधी कधी एक पांढरे पान येते. त्यावर ठळक अक्षरांत '५०२ बॅड गेटवे' एवढेच लिहिलेले असते. रांगेत उभे असलेले लोक विचारतात, "काय झालं?" केंद्रचालक सांगतो, "सर्व्हर डाउन आहे." लोक सुस्कारा टाकून पुन्हा रांगेत उभे राहतात.

हे उत्तर अर्धेच खरे आहे. सगळेच बंद असते, तर हे पानसुद्धा दिसले नसते. पान आले आहे, म्हणजे ते कोणीतरी पाठवले आहे. दारात कोणीतरी जागा आहे. आतला माणूस मात्र जागेवर नाही किंवा धड उत्तर देत नाही. दारातल्या या माणसाला संगणकाच्या भाषेत 'रिव्हर्स प्रॉक्सी' म्हणतात. नाव अवघड आहे, काम मात्र आपल्या चांगल्या ओळखीचे आहे. आज त्याच्याविषयी बोलायचे आहे, कारण आपला सातबारा, आपल्या मुलांचे निकाल आणि आपले पैसे आता त्याच्याच हातून जातात.

मी राहुरीत संस्थांच्या संगणकांची व्यवस्था पाहतो. अशा संस्थेचे चित्र डोळ्यांसमोर आणा. एका खोलीत एक बरा संगणक असतो. त्यावर संस्थेची माहिती देणारी वेबसाइट चालते. सभासदांचे खाते दाखवणारा दुसरा कार्यक्रम असतो. दूध संकलनाचा हिशेब ठेवणारा तिसरा आणि मोबाइलवर संदेश पाठवणारा चौथा. हे चारही कार्यक्रम वेगवेगळ्या लोकांनी, वेगवेगळ्या वर्षी, वेगवेगळ्या संगणकीय भाषांत लिहिलेले असतात. यांतल्या प्रत्येकाला 'वेब सेवा' म्हणता येईल: कोणी विचारले की उत्तर द्यायचे, एवढेच तिचे काम.

संगणकाचा पत्ता एकच, पण त्याला खिडक्या पुष्कळ असतात. या खिडक्यांना 'पोर्ट' म्हणतात आणि त्यांचे क्रमांक ६५,५३५ पर्यंत जातात. वेबसाइटसाठी ८० क्रमांकाची खिडकी ठरलेली आहे आणि सुरक्षित, म्हणजे कुलपाचे चिन्ह दिसणाऱ्या, वेबसाइटसाठी ४४३. आपण नुसता पत्ता टाइप केला, की ब्राउझर आपणहून याच खिडकीवर जातो. आता एका वेळी एका खिडकीवर साधारणपणे एकच कार्यक्रम बसू शकतो. मग बाकीचे तीन कोठे बसणार? एक ३००० वर, एक ८०८० वर, असे करता येते. पण सभासदाला "पत्ता टाका, पुढे दोन टिंबे द्या, मग आठ शून्य आठ शून्य लिहा" असे सांगून भागत नाही. शिवाय उघड्या खिडक्या जितक्या जास्त, तितकी चोराला सोय.

यावरचा उपाय सरकारी कचेऱ्यांनी फार पूर्वीच शोधला आहे. तहसील कार्यालयात आपण अर्ज घेऊन थेट प्रत्येक टेबलाकडे जात नाही. दाराशी आवक-जावकचे टेबल असते. तिथला कारकून अर्ज घेतो, त्यावर शिक्का मारतो, नोंदवहीत क्रमांक घालतो आणि विषय पाहून तो आतल्या योग्य टेबलाकडे पाठवतो. उत्तर तयार झाले की तेही त्याच्याच हातून बाहेर पडते. आत कोणाची बदली झाली, कोणते टेबल माडीवर गेले, याची अर्जदाराला गरज नसते. त्याला दार एकच माहीत असते.

पुढे बसवलेला वेब सर्व्हर नेमके हेच करतो. ४४३ क्रमांकाच्या खिडकीवर तो एकटा बसतो. पत्त्यातल्या तिरक्या रेघेनंतर 'खाते' असे आले, तर मागणी ३००० वर पाठव. 'दूध' असे आले, तर ८०८० वर पाठव. नुसते मुखपृष्ठ मागितले, तर ते स्वतःच दे. असे नियम त्याला लिहून दिलेले असतात. आतले कार्यक्रम फक्त १२७.०.०.१ या पत्त्यावर ऐकतात. हा पत्ता म्हणजे संगणकाने स्वतःलाच 'मी' म्हणणे. बाहेरच्या कोणालाही त्या पत्त्यावरून आत येता येत नाही.

या नावातला 'रिव्हर्स' म्हणजे उलटा, तो का? कारण सुलटा मध्यस्थ आधीपासून होता. भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने खुले केले. त्यानंतर गावोगावी सायबर कॅफे निघाले. अशा ठिकाणी फोनची तार एक आणि संगणक अनेक असत. म्हणून एक संगणक सर्वांच्या वतीने बाहेर जाऊन पाने आणत असे. तो प्रॉक्सी, म्हणजे विचारणाऱ्यांचा प्रतिनिधी. आपला दारातला कारकून उत्तर देणाऱ्यांच्या वतीने बसतो, म्हणून तो उलटा.

या कामासाठी जगात अनेक कार्यक्रम वापरले जातात. 'अपाची' हा १९९५ पासूनचा जुना आणि भरवशाचा वेब सर्व्हर. तो स्वतः पाने देतो आणि मागच्या सेवांकडे मागण्या पोचवण्याचे कामही करतो. पण १९९९ मध्ये डॅन केगेल या अभियंत्याने एक प्रश्न मांडला: एकाच यंत्राला एका वेळी दहा हजार लोक जोडले गेले, तर ते सांभाळायचे कसे? त्या काळच्या प्रचलित पद्धतीत आलेल्या प्रत्येकासाठी एक स्वतंत्र सेवक उभा केला जात असे. दहा हजार पाहुणे तर दहा हजार सेवक. यंत्राची सारी स्मृती सेवकांना उभे करण्यातच संपून जाई.

आपल्याकडच्या लग्नाच्या पंगतीत असे कोणी करत नाही. हजार माणसे जेवायला बसली, तरी वाढपी वीस-पंचवीसच असतात. ते ओळीने फिरतात. ज्याच्या पानात भात संपला त्याला भात, ज्याला आमटी हवी त्याला आमटी. जो सावकाश जेवतो आहे, त्याच्याजवळ कोणी ताटकळत उभे राहत नाही. इगोर सिसोयेव्ह या रशियन अभियंत्याने याच तऱ्हेने चालणारा सर्व्हर लिहिला आणि ४ ऑक्टोबर २००४ रोजी तो सर्वांसाठी खुला केला. त्याचे नाव 'एंजिन-एक्स'. मोजक्या प्रक्रिया हजारो जोडण्यांवर नजर ठेवतात आणि ज्या जोडणीवर काही घडले, तिच्यापुरतेच काम करतात. आज जगातल्या असंख्य वेबसाइटच्या दारात हा किंवा याच वळणाचा दुसरा कार्यक्रम बसलेला असतो.

सावकाश जेवणाऱ्याचा हा मुद्दा आमच्या भागात फार महत्त्वाचा आहे. राहुरीचे महात्मा फुले कृषी विद्यापीठ १९६८ चे. पिकाला पाणी कधी आणि किती द्यावे याचा हिशेब मांडून देणारे 'फुले इरिगेशन शेड्यूलर' हे मोबाइल ॲप याच विद्यापीठाने तयार केले. राज्य सरकारने १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू केली, तेव्हापासून शेतकरी बांधावर उभा राहून पिकाचा फोटो मोबाइलवरून पाठवू लागला. म्हणजे प्रश्न विचारणारा माणूस आता कार्यालयातल्या वेगवान जोडणीवर नाही, तर उसाच्या फडाच्या कडेला, रेंजची एक-दोन दांडकी दिसत असताना उभा आहे. त्याचा फोटो तुकड्या-तुकड्यांनी येतो. कधी दोन मिनिटे लागतात.

आतल्या सेवेने स्वतः हा फोटो घ्यायचे ठरवले, तर ती दोन मिनिटे अडकून पडते. असे पन्नास शेतकरी एकदम आले, की तिचे सगळे हात गुंतले आणि इतरांना ती 'बंद' दिसू लागली. पुढचा सर्व्हर मात्र वाढप्यासारखा असल्यामुळे त्याला धीर धरणे परवडते. तो सारे तुकडे गोळा करतो आणि पूर्ण फोटो हाती आला की क्षणार्धात आत देतो. आतल्या सेवेला तो शेतकरी जणू शेजारच्या खोलीतूनच आला, असे वाटते. रेंज कमी असलेल्या माणसालाही न्याय मिळावा, याची ही साधी, पण मोठी युक्ती आहे.

पण हा कारकून कामसू असला तरी त्याचे स्वतःचे नियम असतात, आणि ते माहीत नसले की घोटाळे होतात. एंजिन-एक्समध्ये वेगळे काही सांगितले नसेल, तर एका मागणीसोबत एक मेगाबाइटपेक्षा मोठा मजकूर घेतला जात नाही. आजच्या मोबाइलवर काढलेला फोटो सहज तीन-चार मेगाबाइटचा असतो. आतली सेवा दहा मेगाबाइट घ्यायला तयार असली, तरी दारातूनच '४१३' असे लिहून कागद परत येतो. अर्जदाराला वाटते, आपल्या पासबुकाच्या फोटोत काही खोट आहे. सेवा लिहिणारा म्हणतो, माझ्याकडे तर अर्ज आलाच नाही. दोघेही खरे बोलत असतात. दोष दारावरच्या एका ओळीचा असतो.

असाच एक प्रसंग मी जवळून पाहिला आहे. तालुक्यातल्या एका संस्थेत एके सकाळी कोणत्याच सभासदाला आपले खाते उघडता येईना. पासवर्ड बरोबर, तरी 'आपल्याला थोड्या वेळासाठी रोखले आहे' असा संदेश. कारण पाहू गेल्यावर असे निघाले, की एकाच पत्त्यावरून पाच वेळा चुकीचा पासवर्ड आला तर तो पत्ता अडवायचा, असा नियम त्या सेवेत होता. नियम चांगलाच होता. पण पुढे नवा सर्व्हर बसवला गेला होता आणि आतल्या सेवेला आता प्रत्येक मागणी त्याच्याकडूनच, म्हणजे १२७.०.०.१ वरून, येताना दिसत होती. कोणा चौघा-पाच जणांचे पासवर्ड चुकले आणि सेवेने त्या एकमेव पत्त्याला, म्हणजे साऱ्या गावाला, दार बंद केले.

आवक-जावकच्या कारकुनाने मूळ अर्जदाराचे नाव लिहिलेच नाही, तर आतल्या टेबलाला सगळे अर्ज कारकुनाचेच वाटणार. म्हणून पुढचा सर्व्हर मागणीच्या माथ्यावर 'एक्स-फॉरवर्डेड-फॉर' नावाची एक ओळ जोडतो: हा अर्ज मुळात अमुक पत्त्यावरून आला. आतल्या सेवेने ती ओळ वाचायची असते. मात्र यातही एक मेख आहे. ही ओळ बाहेरचा लबाड माणूस स्वतःच लिहून आणू शकतो. म्हणून कारकुनाने अर्जदाराने लिहून आणलेल्या ओळीवर विसंबायचे नाही, स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेला पत्ता लिहायचा. आणि आतल्या टेबलानेही कारकुनाच्या हस्ताक्षरावरच विश्वास ठेवायचा. दोन्ही बाजू पाळल्या, तरच नोंदवहीला अर्थ राहतो.

दारावरचे आणखी एक काम म्हणजे मोहोरबंद पाकीट उघडणे. आपला ब्राउझर आणि वेबसाइट यांच्यातला मजकूर सांकेतिक भाषेत जातो, त्याला ओळखपत्र लागते. पूर्वी हे ओळखपत्र विकत घ्यावे लागे आणि लहान संस्था टाळाटाळ करत. डिसेंबर २०१५ पासून 'लेट्स एन्क्रिप्ट' या ना-नफा उपक्रमाने ते सर्वांना फुकट उपलब्ध केले. चार सेवांसाठी चार ठिकाणी कुलपे बसवण्यापेक्षा दारावर एकच चांगले कुलूप बसवायचे आणि त्याची किल्ली एकाच ठिकाणी सांभाळायची, ही सोय पुढच्या सर्व्हरमुळे होते. पण पाकीट दारात उघडले म्हणजे पुढे कागद उघडाच जातो. आतल्या सेवा त्याच यंत्रावर असतील तर ठीक. त्या दुसऱ्या इमारतीत असतील, तर वाटेवरही पाकीट बंद ठेवले पाहिजे.

आता पुन्हा त्या पांढऱ्या पानाकडे येऊ. त्यावरचे आकडे ओळखायला शिकलो, तर आपला बराच त्रास वाचतो. '५०२' म्हणजे कारकून आत गेला, पण टेबलावर कोणी नव्हते किंवा मिळालेले उत्तर वाचण्याजोगे नव्हते. '५०३' म्हणजे आत्ता काम घेता येत नाही. गर्दी आहे किंवा दुरुस्ती चालू आहे. आणि '५०४' म्हणजे कारकुनाने अर्ज आत दिला, ठरलेला वेळ वाट पाहिली, उत्तर आले नाही, म्हणून तो परत आला. एंजिन-एक्समध्ये हा वेळ, बदलला नसेल तर, साठ सेकंदांचा असतो.

श्रोतेहो, या तिसऱ्या आकड्याकडे विशेष लक्ष द्या. '५०४' दिसले याचा अर्थ काम झाले नाही, असा होत नाही. वाट पाहणे कारकुनाने सोडले. आतल्या टेबलाने काम सोडलेच असेल, असे नाही. साठाव्या सेकंदाला कारकून परत फिरला आणि सत्तराव्या सेकंदाला आत तुमच्या पावतीवर शिक्का उमटला, असे सहज होऊ शकते. पडदा सांगतो 'नाही', आणि खात्यातून पैसे तर गेलेले असतात. अशा वेळी घाबरून माणूस पुन्हा बटण दाबतो, पुन्हा पैसे भरतो. परीक्षेचे शुल्क दोनदा, विम्याचा हप्ता दोनदा. हे टाळायचे असेल, तर आधी बँकेचा संदेश पाहा, मग वेबसाइटवर आपल्या अर्जाची स्थिती तपासा, आणि दोन्हीकडे काही नसेल, तरच पुन्हा भरा. खात्यातून रक्कम गेली आणि व्यवहार अपुरा राहिला, तर ती किती दिवसांत परत जमा झाली पाहिजे, हे रिझर्व्ह बँकेने २० सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकाने ठरवून दिले आहे. यूपीआयने दुकानदाराला किंवा संस्थेला केलेल्या अशा भरण्यासाठी ती मुदत व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांची आहे. पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाईची तरतूद आहे.

यात सेवा लिहिणाऱ्यांचीही जबाबदारी आहे. प्रत्येक अर्जाला सुरुवातीलाच एक क्रमांक द्यावा आणि तोच क्रमांक पुन्हा आला, तर दुसरी पावती न फाडता पहिलीच दाखवावी. चांगल्या सेवा हे करतात. गावातला जुना किराणा दुकानदार वहीत तोच माल दोनदा मांडत नसे, त्यातलाच हा प्रकार.

मग एवढे सगळे असताना शेवटच्या दिवशी वेबसाइट का कोलमडतात? २८ एप्रिल २०२१ आठवून पाहा. अठरा वर्षांवरील सर्वांसाठी कोविड लसीची नोंदणी त्या दुपारी चार वाजता खुली झाली. पहिल्या काही मिनिटांत अनेकांना पान उघडेना, संकेतांक येईना. तरी त्या एका दिवसात एक कोटीहून जास्त लोकांनी नोंदणी केली. एवढी गर्दी एका यंत्राने पेलवत नाही. अशा वेळी पुढचा सर्व्हर आतल्या एकाच टेबलाऐवजी दहा सारख्या टेबलांवर काम वाटून देतो. एखादे टेबल बंद पडले, तर त्याला वगळतो. सर्वांना सारखेच असणारे पान, उदाहरणार्थ सूचनांचे, आत न जाता जवळच्या प्रतीतून देतो. एकच जण मिनिटाला शंभर वेळा विचारत असेल, तर त्याला थांबवतो.

पण दाराने सगळेच प्रश्न सुटत नाहीत. आमच्याकडे बारागाव नांदूरला मुळा धरण आहे, त्याची क्षमता २६ टीएमसी. कालव्याचे दार रुंद केले म्हणून धरणातले पाणी वाढत नाही. पाळी नीट लावली, तर शेवटच्या शेतापर्यंत पाणी पोचते, एवढेच. तसेच दहा टेबले मांडली, तरी त्या सर्वांना शेवटी एकाच मोठ्या नोंदवहीत, म्हणजे डेटाबेसमध्ये, लिहायचे असते. ती नोंदवही संथ असेल, तर दारात कितीही हुशार कारकून बसवा, तो फक्त जास्त नीटनेटके '५०४' देईल.

दारावर सारी भिस्त ठेवण्याचे धोकेही आहेत. दार एकच असल्याने ते पडले, की आतल्या चारही सेवा धडधाकट असून निरुपयोगी होतात. म्हणून मोठ्या ठिकाणी दारातही दोन कारकून ठेवतात. दारावरचा सर्व्हर प्रत्येक कागद पाहतो, म्हणून त्याची चावी कोणाच्या हाती आहे, याला महत्त्व येते. आणि सर्वांत नेहमीचा धोका म्हणजे मागचे दार. पुढे उत्तम पहारा बसवायचा आणि ८०८० ची खिडकी मागच्या बाजूने उघडीच ठेवायची, असे अनेक ठिकाणी घडते. मग चोर पुढून येतच नाही.

आज ग्रामपंचायतींपासून पतसंस्थांपर्यंत साऱ्यांच्या वेबसाइट आहेत, आणि संचालक मंडळात बसणाऱ्या माणसाला संगणक येत नसला, तरी चार प्रश्न विचारता येतात. आपल्या सेवांना बाहेरून किती दारे आहेत? आतल्या सेवांना आलेल्या माणसाचा खरा पत्ता कळतो का? किती मोठा फोटो आणि किती वेळ, याच्या मर्यादा दारावर आणि आत सारख्याच आहेत का? आणि एखाद्याने तोच अर्ज दोनदा पाठवला, तर पावत्या किती फाटतात? या चौथ्या प्रश्नाचे उत्तर "एक" असे आले पाहिजे. ते आले नाही, तर पुढच्या मुदतीच्या आधी ते दुरुस्त करून घ्या. कारण शेवटच्या दिवशी रांगेत उभा राहणारा माणूस बहुधा दुसऱ्यांदा पैसे भरण्याच्या ऐपतीचा नसतो.